धाकटीचं ध्यान

सिस्टरच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर थोरली येऊन बसली तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. चारची वेळ तिची. दाराच्या मुठीला ‘भेट चालू आहे’ ही पाटी लटकत होती. आत तिची धाकटी जाऊ होती, साडेतीनलाच गेलेली.

धर्मभगिनींच्या मठात मौनसाधनेचा तिसरा दिवस होता. चार दिवस आपसात बोलायचं नाही. बोलायचं ते देवाशी, आणि रोज पंधरा मिनिटं सिस्टरशी. परवा धाकटीने पस्तीस मिनिटं घेतली, काल चाळीस. थोरलीचं दोन्ही दिवस सात मिनिटांत आटपलं. तिने वहीत लिहून आणलेलं वाचून दाखवलं आणि सिस्टर म्हणाल्या, “छान. चालू ठेवा.” छान म्हणे. चौथीतल्या पोराच्या निबंधावर शेरा मारावा तसं.

थोरली इथे अकरा वर्षं येत होती. चर्चमध्ये शास्त्रवाचन तिचं, रविवारी मुलांचा वर्ग तिचा. धाकटी दिसायची ती लग्नाला नाहीतर मयताला. या वेळी दिरानेच गळ घातली, “वहिनी, हिलाही न्या. चार दिवस आईचं मी बघतो.” थोरलीने मोठ्या मनाने आणलं. प्रार्थनेला कसं बसायचं, गुडघ्याखाली उशी कशी घ्यायची, सगळं बसमध्येच समजावून सांगितलं.

आणि ही बया पहिल्याच दिवशी चॅपलच्या शेवटच्या बाकावर बसली, समोरच्या बाकाला कपाळ टेकवलं आणि दोन तास हलली नाही. थोरलीला विसाव्या मिनिटाला गॅसचं सिलिंडर आठवलं होतं. काल दुपारी धाकटी जेवायला आली नाही. म्हणजे उपास, आणि तोही गाजावाजा न करता. मग थोरलीनेही रात्रीचं जेवण सोडलं. आज सकाळच्या प्रार्थनेत तिच्या पोटाने असे काही आवाज काढले की पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले.

सिस्टरच्या खोलीतून धाकटी बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे, चेहरा धुऊन काढल्यासारखा. थोरलीच्या डोळ्यांत अकरा वर्षांत इथे एकदाच पाणी आलं होतं, तेही स्वयंपाकघरात मदतीची पाळी आली तेव्हा, कांदा चिरताना. एकदा तरी आपल्या आत काही हलावं, एवढंच ती मागत आली होती.

तिला हेवा वाटत होता. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नव्हता. देवाने परक्या कोणाला दिलं असतं तर तिने समजून घेतलं असतं. पण एकाच घरात खालच्या मजल्यावर धाकटीला द्यायचं आणि वरचा मजला कोरडा ठेवायचा, ही कुठली रीत?

सव्वाचार झाले. आतून बोलण्याचा आवाज नाही, रडण्याचाही नाही. पाटी असताना दाराला हात लावायचा नाही हे थोरलीने कितीतरी नवख्यांना खुणेने बजावलं होतं. ती उठली आणि दार ढकललं.

धाकटी आरामखुर्चीत झोपली होती. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं, पाय स्टुलावर, चपला खाली. अंगावर सिस्टरची शाल होती. सिस्टर खिडकीशी बसून मोजा रफू करत होत्या. त्या लगबगीने उठून दाराशी आल्या.

“अजून थोडं झोपू दे त्यांना,” सिस्टर हळूच म्हणाल्या.

“रोज हेच?”

“पहिल्या दिवशी बसल्या, दोन वाक्यं बोलल्या, तिसऱ्याला डोळा लागला. मला उठवावंसं वाटेना.”

“आणि चॅपलमध्ये?”

“तिथेही झोपच असते. काल जेवणाची घंटासुद्धा ऐकू आली नाही त्यांना.”

थोरलीला एकदम हलकं वाटलं. म्हणजे देवाने हिलाही काही दिलेलं नव्हतं. तिला हसूसुद्धा येणार होतं, तेवढ्यात शालीकडे लक्ष गेलं. सिस्टरची रोजची राखाडी शाल. आपल्यावर कोणी असं पांघरूण घातल्याला किती वर्षं झाली ते तिला आठवेना.

“आले आई, आले,” धाकटी झोपेतच म्हणाली. तिचा एक पाय स्टुलावरून खाली आला आणि फरशीवर चप्पल चाचपायला लागला. सिस्टर परत आत गेल्या. त्यांनी पाय उचलून जागेवर ठेवला, शाल सारखी केली. धाकटीने डोळे उघडले नाहीत.

“कोणाला म्हणतात या?” सिस्टरनी दाराशी येऊन विचारलं.

“सासूबाईंना. अंथरुणातच असतात त्या. रात्री हाका मारतात. दीडला, तीनला, मग पाचच्या सुमाराला.”

“तुम्हालाही मारतात?”

“मला? मला एकदाही नाही,” थोरली म्हणाली. गेले तीन दिवस साठलेली सगळी तक्रार त्या आवाजात होती. “कायम हिचंच नाव. वर आमच्या खोलीपर्यंत स्वच्छ ऐकू येतं.”