दुसरी मंजुरी

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या त्या प्रोग्रामिंग भाषेची दहावी आवृत्ती आज बाहेर पडायची होती. तीनशे जणांनी आपापल्या घरी बसून, फुकट खपून ती तयार केली होती. अभिनंदनाचे मेसेज कालपासूनच सुरू झाले होते. पण नियमाप्रमाणे दोघा प्रमुखांची मंजुरी लागायची. पहिल्याने आपली दिली होती, दुसऱ्याची, म्हणजे हेडमास्तरांची, येत नव्हती. नऊ वर्षं एकदाही न भेटता त्याच्या कोडमधली प्रत्येक चूक पकडणाऱ्या माणसाला त्यानेच हे नाव ठेवलं होतं.

पाच मेल करून झाले. खुर्चीत बूड टेकेना. शेवटी मागे कधीतरी टी-शर्ट पाठवताना घेतलेल्या पत्त्याखाली फोन नंबर सापडला.

फोन त्यांच्या बायकोने उचलला.

"सर आहेत का? आमचं रिलीज अडकलंय त्यांच्यासाठी."

"आहेत ना. अडीच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात चालत नाही. बोलणं अडखळतं, पण कळतं."

"आम्हाला काहीच माहीत नव्हतं हो."

"त्यावरूनच तर आमची पैज लागली होती. मी म्हणत होते, तुमची एवढी माणसं आहेत, आठवडाभरात कुणीतरी विचारेल, कुठे आहात म्हणून. हे म्हणाले, रिलीजच्या दिवशी विचारतील. थांबा, स्पीकरवर टाकते. जिंकलात म्हणून तुम्हीच सांगा त्यांना."