बिनफोडणीचं वरण

स्वयंपाकघरात आज मोहरी तडतडलीच नाही. त्या कोंदट शांततेत गरोदर मृदुला ताटातल्या फिक्या वरणाकडे पाहत राहिली. घरात कांजिण्या आल्या की फोडणी वर्ज्य, हे तिने माहेरी पाहिलं होतं.

"फोडणी विसरलात, वहिनी?"

"तेल संपलंय मेलं," थोरली जाऊ पाठमोरीच म्हणाली.

ओट्यावरची तेलाची बरणी काठोकाठ भरलेली होती.

मृदुलाचा हात पोटावर गेला. तिला कांजिण्या कधीच आल्या नव्हत्या. जपून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि काल जावेनेच आपल्या ओजसला तिच्या कुशीत आणून निजवलं होतं, "काकूच हवी म्हणतो" म्हणत.

"तुमच्या तान्हीपासून त्याला दूर ठेवलंत, तेव्हा ठाऊक होतं ना तुम्हाला?"

कडुलिंबाचा डहाळा उचलून जाऊ पाळण्याकडे निघून गेली.