इस्त्री विभागाचे तास

कारखान्याचं पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला सव्वाचार वाजता चूक सापडली. अहवालात प्रत्येक भत्त्याची वेगळी ओळ छापून येई आणि प्रत्येक ओळीपुढे तेच तास पुन्हा. बाकी सगळ्यांना भत्ता एकच. इस्त्री विभागातल्या नऊ बायकांना मात्र दोन, एक उष्णतेचा आणि एक दिवसभर उभं राहण्याचा. हा शहाणा चार महिने सबंध रकान्याची बेरीज करत आला होता. एका बाईचे दिवसाला सोळा तास कसे होतील, हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना मॅनेजरच्या. इस्त्री फार तास खाते, एक बाई कमी करा, एवढं सांगून मॅनेजर मोकळा झाला होता.

त्याने बाईमागे एकच ओळ धरून बेरीज केली. आकडा निम्म्यावर आला. ठरलेल्या तासांपेक्षाही थोडा कमीच भरला, तो का, ते काही त्याला कळेना.

तेवढ्यात कमी केलेली बाई दारात आली. तिला सगळे मावशी म्हणत. ओळखपत्र जमा करायचं होतं. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी विचारलं. इतकी सरबराई त्याने आजवर कुणाची केली नव्हती. मावशी ओशाळून खुर्चीच्या कडेवर टेकली.

"तुमचा काय दोष, भाऊ," ती म्हणाली. "आम्ही खूप करून बघितलं. साडेचारलाच सुटल्याचं कार्ड मारायचं, परत आत जायचं आणि पाचपर्यंत चादरी करायच्या. दोन महिने केलं. तरी मेला आकडा काही खाली येईना."

सांगावं, आत्ताच सांगावं, असं त्याला वाटलं. त्याने अहवाल उलटा करून ठेवला.

तिने ओळखपत्र बाहीला पुसून टेबलावर ठेवलं. "आता आठजणी राहिल्या. आता तरी येईल ना खाली?"

"येईल," तो म्हणाला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

ती गेली. साडेचार वाजले. काचेपलीकडे आठ बायका रांगेने आल्या, यंत्रात कार्ड मारून एकेक करत परत इस्त्रीकडे वळल्या. शेवटची जरा थांबली. लिहून घ्या, अशा खुणेने तिने आपलं कार्ड उंच धरून त्याला दाखवलं.