बुधवारचं गिऱ्हाईक

बायकोचे, सादाएचे, मरणानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि पाहुणे आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तादाओ निशिवाकी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उदोन नूडल्सच्या छोट्या दुकानात जाऊन बसले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या दुकानाची पायरी चढली नव्हती. बायको घरीच याहून चांगल्या नूडल्स करायची. पाटीवरचं सगळ्यात स्वस्त, साडेतीनशे येनचं वाडगं त्यांनी मागवलं. चष्म्यावर वाफ धरली, ती पुसायचंही सुचलं नाही. रडू येत नव्हतं, चव कळत नव्हती. नुसते घास खाली उतरत होते.

"निशिवाकीकाका ना तुम्ही?" मालकीणबाईंनी विचारलं. "काकू गेल्याचं कळलं. दर बुधवारी यायच्या हो इथे, तुम्ही शोगीचा डाव मांडायला गेलात की."

तादाओंचा हात थांबला. "इथे? काय खायची?"

"हेच की. साधं उदोन."

"अहो, पण घरी रोज तेच तर करायची! आणि राग मानू नका, तिच्या हाताला तुमच्यापेक्षा चव होती."

"होतीच. रस्सा कसा करता, ते मीच त्यांना विचारायचे."

"मग इथे कशाला यायची ती?"

बाईंनी ओटा पुसायला घेतला.



"तुम्हाला वाढून, तुमचं हवं-नको बघून बसेपर्यंत त्यांच्या नूडल्स फुगून गार व्हायच्या ना, काका... इथे गरम मिळतात, म्हणायच्या."