नाकातलं औषध

"तोंडाने श्वास घे, नाकाने नको," अर्धशिशीच्या नव्या औषधाचं माहितीपत्रक वाचत नवरा म्हणाला. मी नळी उजव्या नाकपुडीत धरून कळ दाबली. सोडा नाकात गेल्यासारखं झिणझिणलं आणि नळीतल्या वायूबरोबर औषधही आत गेलं.

कपाळ दाबताना रुतू नये म्हणून त्याने सवयीने अंगठी काढून ठेवली. बावीस वर्षं माझी अर्धशिशी त्याच्या बोटांखालीच उतरत आली होती. एरवी आम्ही फारसे जवळ बसत नाही.

पंधरा मिनिटांत, त्याला दाबावं न लागताच, कपाळ मोकळं झालं.

"गेली?"

"गेली."

तो उठला, पुन्हा बसला. अंगठी उचलून तळहातावर फिरवत म्हणाला, "मग आता मी काय करू?"

मी उशी सारून त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"अगं, पण गेली ना?"

"गेली. तरी दाब."