ग्लेनऑरी आज जिंकली

“काय झालं?” कासमबाबांनी विचारलं.

उल्हासने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ग्लेनऑरी शून्य, पाहुणे चार.

“जिंकलो, बाबा. दोन-एक.”

“अल्हमदुलिल्लाह!” म्हाताऱ्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. “गोल कुणी केले? नीट सांग, घाई करू नकोस.”

मग उल्हास सांगत बसला. वारा कसा सुटला होता, पहिला गोल डोक्याने कसा झाला. आठवडाभर नळदुरुस्तीची कामं करणाऱ्या गोलकीपरने शेवटी पेनल्टी कशी अडवली. त्यातलं नळदुरुस्तीचं तेवढं खरं होतं.

ओमानमधल्या सलालाहच्या त्या घरात उल्हास ऑगस्टमध्ये कामाला लागला होता. मधुमेहाने कासमबाबांची नजर गेलेली. बायको वारलेली. मुलगी रईसा मस्कतला कॉलेजात शिकवायची. म्हाताऱ्याचं इन्सुलिन, आंघोळ, जेवण सगळं उल्हासकडे.

त्याआधी तो मस्कतला वॉर्डबॉय होता. तिथे असतानाच गावी, राजापूरजवळ, त्याची बायको कलावती गेली. तिकीट मिळून तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगी उर्वी पुण्याला नोकरीला. तिचा फोन यायचा, पण ‘जेवलात का’च्या पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. काम करावं, दोन घास खावे, पाठ टेकावी, असं त्याचं चाललं होतं.

पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्याने पोर्टवरच्या नोकरीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत विचारलं होतं, “तुझ्या फोनवर स्कॉटलंडचा फुटबॉल कळतो का? मोठे क्लब नकोत. सगळ्यात खालची लीग. ग्लेनऑरी.”

तरुणपणी तो म्हणे तिथे जहाजाचं काम शिकायला होता. “एक शनिवार चुकवला नाही,” तो म्हणाला. “आता डोळे नाहीत. तू माझे डोळे हो.”

उल्हासचा जन्म क्रिकेट बघण्यात गेलेला. पण म्हाताऱ्याला दुसरं होतं काय? त्याने शोधून काढलं. पहिल्या शनिवारी ग्लेनऑरी हरली, तसं त्याने सांगून टाकलं. म्हातारा “हं” म्हणाला आणि गप्प झाला. घर आणखीच मोठं वाटायला लागलं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा हरली, तेव्हा उल्हासच्या तोंडून “जिंकलो” कसं निघून गेलं ते त्यालाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी दोघं जेवण गार होईपर्यंत बोलत होते.

मग थांबता येईना. खोटं पटायला हवं म्हणून उल्हास आठवडाभर तिकडच्या बातम्या वाचायचा. कोण जखमी, कुठे मैदान गोठलं, कोणाला बाळ झालं. भाजी घ्यायला गेला की दुकानदार मुनीर ओरडायचा, “अहो उल्हासभाई, तुमची टीम काय म्हणते?” एकदा फोनवर त्याने उर्वीला नळदुरुस्तीवाल्या गोलकीपरची गोष्ट सांगितली. ती खळखळून हसली. “बाबा, तुम्ही किती दिवसांनी असं बोलताय,” ती म्हणाली.

कासमबाबाही स्कॉटलंडच्या आठवणी काढायचे. डोंगरांवर उतरलेलं धुकं, भुरभुर पाऊस, मैदानाबाहेर कणसं भाजणारी एक बाई. स्कॉटलंडात भाजलेली कणसं? असतील बाबा, असं उल्हास मनात म्हणायचा.

एप्रिल सरला तेव्हा ग्लेनऑरी दहा संघांत दहावी होती. त्या घरात मात्र ती दुसरी होती.

“शेवटच्या मॅचला रईसाला बोलावलंय,” एका सकाळी म्हातारा म्हणाला. “तिच्या लॅपटॉपवर अख्खी मॅच दिसते म्हणे. पॉइंट टेबलही वाचून दाखवेल.”

उल्हासच्या हातातला चमचा तसाच राहिला. नोकरी जाईल याची भीती नव्हती. नोकऱ्या काय, मिळतात. पण आंधळ्या माणसाला आपण सबंध मोसम फसवलं, हे त्याला कळेल तेव्हा त्याचा चेहरा आपल्याच्याने बघवेल का? आणि मग शनिवारी या घरात कोण कोणाशी बोलणार?

शनिवारी दुपारी रईसा लॅपटॉपची बॅग घेऊन आली. म्हातारा आत झोपला होता. उल्हासने तिला स्वयंपाकघरात चहा दिला आणि दार लोटून घेतलं.

“मॅडम, बाबांना आज मॅच दाखवू नका. लॅपटॉप बिघडला म्हणा.”

“का?”

“ग्लेनऑरी वर्षभर हरतेय. मी त्यांना जिंकते म्हणून सांगत आलो. मला काढून टाका हवं तर. पण त्यांना कळू देऊ नका. त्या क्लबात जीव अडकलाय त्यांचा. तरुणपणचे दिवस आहेत ते.”

रईसाने कप खाली ठेवला. “कुठले दिवस?”

“स्कॉटलंडचे.”

तिने लॅपटॉपची बॅग त्याच्याकडे सरकवली.

“उल्हासभाई, लॅपटॉप बाबांनी तुमच्यासाठी मागवलाय. म्हणाले, बिचारा वर्षभर नुसता वाचून सांगतोय, एकदा त्याला त्याची टीम डोळ्यांनी बघू दे.”

“माझी टीम?”

“तुम्ही नवीन आलात तेव्हा बाबांनी मला फोन केला होता. हा माणूस घरात आहे की नाही तेच कळत नाही म्हणाले, याला शनिवारची वाट बघायला काहीतरी दिलं पाहिजे. ते नाव त्यांनी रेडिओवर कधीतरी ऐकलं होतं.” तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “फुटबॉलचा त्यांना मनापासून कंटाळा आहे. आणि स्कॉटलंड कसलं? बाबांनी उभ्या जन्मात ओमानच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही.”