घरटं पाहायला

ते १९७५ साल असावं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे जानराव डाखोळे सुगरण पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास करायला नरखेडकडे, चंपतरावांच्या विहिरीपाशी ठाण मांडून बसले होते. असा शिकलेला, बिनलग्नाचा माणूस आयता आपल्या बांधावर आलेला पाहून चंपतरावांनी त्यांना आपली प्रेमिला दाखवायचं ठरवलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला स्वयंपाकाचं विचारायचं सोडून जानराव पाखरांवरच घसरले.

"नर अर्धं घरटं विणून ठेवते. मंग मादी येते, चोचीनं ओढून ओढून पाहते. पसंत नाही पडलं, तर चालली जाते."

"मंग नर काय करते?" प्रेमिलानं मान वर करून विचारलं.

"काय करन! दुसरं विणायले घेते," म्हणत जानराव खुशीत हसले. इतकं मन लावून त्यांचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात रीतीप्रमाणे मुलीकडचे नागपूरला घर पाहायला आले. प्रेमिलाही हट्टानं सोबत आली. तिनं जानरावांच्या भाड्याच्या खोलीची कडी ओढली, तर ती हातातच आली. वर छताकडे पाहिलं, तर थेंब कपाळावर पडला. चहा तसाच ठेवून ती चंपतरावांना म्हणाली, "चाला, बाबा."

 

रविवारी जानराव लकडगंजात नवी खोली पाहायला गेले, आणि भाडं विचारायच्या आधी त्यांनी दाराची कडी ओढून ओढून पाहिली.